अप्रेंटिस म्हणजे शिकणारा की स्वस्तातला कामगार? वडोदऱ्याच्या जीआयडीसीवाल्यांनी बोला

मकरपुरा_हिशोबवाली (धागा सुरू)

भाच्याचं आयटीआय झालं, फिटर, तरसाळीतून. आता घरात जेवताना रोज हाच विषय. सावलीकडच्या एका मोठ्या खाजगी कारखान्यात वर्षाची अप्रेंटिसशिप मिळतेय, महिन्याला ९००० देणार. आणि मकरपुऱ्यातला एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो उद्यापासून ये, १४००० घे. माझी बहीण म्हणते मोठ्या कंपनीचं नाव लागेल. मी म्हणते नावाने बाईकमधे पेट्रोल भरत नाहीत.

मी जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, काही छोट्या युनिटांचे हिशोब लिहिते त्यामुळे पगारपत्रकं रोज डोळ्यासमोर असतात. २०१९ च्या नियमात आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला किमान ७७०० ठरवले. आणि २०२३ च्या मार्चमधे गुजरातेत किमान वेतन वाढलं तेव्हा शहर भागातल्या अकुशल कामगाराचा, म्हणजे ज्याने आयटीआयचं गेटही पाहिलं नाही त्याचा, महिन्याचा आकडा ११,७५२ झाला. दोन वर्षं फाईल घासून, ड्रॉइंग वाचायला शिकून, परीक्षा पास होऊन पोरगा चार हजारांनी खाली! वर १९६१ च्या कायद्याप्रमाणे तो कामगारच नाही, ट्रेनी आहे, म्हणून पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) नाही. आणि वर्ष संपलं की नोकरी द्यायला कंपनी बांधील नाही, तेही कायद्यातच लिहिलंय.

माझं मत सरळ आहे, शिकणं नावाला आणि माणूस स्वस्तात. पटत नसेल तर भांडा, पण स्वतः बघितलेलं सांगा, कंपनीचं माहितीपत्रक वाचून दाखवू नका.

लेथवाला

ताई तुम्ही पगारपत्रक बघता, आम्ही रिजेक्शनचा डबा बघतो. माझ्याकडे बावीस माणसं, म्हणजे मला अप्रेंटिस घ्यायची सक्तीच नाही (तीस किंवा जास्त माणसं असली की सक्ती, चार ते एकोणतीस म्हणजे मालकाची मर्जी), तरी मी दोन पोरं घेतली होती. आयटीआय झालेली. मायक्रोमीटर हातात दिला तर रॅचेट (ठराविक दाबाला घसरणारी मूठ) न वापरता पिळून माप घेतात, मग म्हणतात शेठ दहा मायक्रॉन कमी येतंय. पहिले चार महिने त्या पोरांकडून मला एक रुपयाचं काम मिळालं नाही, उलट माझा सगळ्यात चांगला टर्नर अर्धा दिवस त्यांच्यामागे उभा, त्याचं स्वतःचं काम मागे पडतं, वर इन्सर्ट, म्हणजे लेथची कार्बाइडची कापायची टोकं, फोडली ती वेगळी. तो खर्च तुमच्या कुठल्या कॉलममधे येतो सांगा.

आणि शिकली, हात बसला, कार्बाइडचा आवाज ऐकून फीड (हत्यार पुढे सरकायचा वेग) कमी करायची अक्कल आली, की वर्ष संपल्यावर समोरच्या गल्लीतल्या युनिटमधे दोन हजार जास्त घेऊन पसार. शिकवलं मी आणि जॉब (मशीनवरचा माल) काढतोय दुसऱ्यासाठी. मग मी पुढच्या वर्षी का घेऊ?

स्पष्टच_बोलतो

@लेथवाला दोन हजारच जास्त होते ना शेठ? मग तुम्हीच द्यायचे होते.

लेथवाला

देणार होतो. विचारलंच नाही त्यांनी. सर्टिफिकेट आलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

स्पष्टच_बोलतो

बरं माझी कथा ऐका मग. मी इलेक्ट्रिशियन. एका मोठ्या प्लांटमधे अप्रेंटिस होतो, नाव लिहीत नाही. पहिला आठवडा सेफ्टीचं ट्रेनिंग, हेल्मेट, फोटो, सगळं झकास. मग स्टोअरमधे एक माणूस कमी होता म्हणून मला तिथे बसवलं आणि बसवलं ते बसवलंच. केबलचे ड्रम मोजायचे, गेट पास लिहायचे, ट्रक आला की माल उतरवून घ्यायचा. पॅनल रूममधे मी फक्त चहा घेऊन जायचो. लॉगबुक नावाची वही असते, रोज काय शिकलो ते लिहायचं आणि इन्स्ट्रक्टरची सही घ्यायची, ती आम्ही सगळ्यांनी शेवटच्या महिन्यात एकमेकांची बघून भरली. स्टार-डेल्टा स्टार्टरची (मोटर सुरू करायच्या जोडणीची) आकृती मी पाच तारखांना काढलीय. सही करणाऱ्याने पान उलटूनही बघितलं नाही.

ट्रेड टेस्ट पास झालो कारण थिअरी आयटीआयची पाठ होती. आता बोला, याला शिकणं म्हणायचं?

एओसीपी_वाला

प्रत्येक ठिकाणी असं नसतं भाऊ. मी केमिकलवाला, एओसीपी, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, वडोदऱ्यात हा ट्रेड माहीत नाही असं घर नसेल. माझं वर्ष नंदेसरी बाजूला गेलं. मी सांगतो काय शिकलो. शिफ्ट हँडओव्हर कसा घ्यायचा. पंप स्टँडबायवर न्यायचा तर व्हॉल्व्ह कुठल्या क्रमाने. वर्क परमिट नसताना फ्लॅंजला (पाइपाच्या जोडाला) हात लावायचा नाही, मग साहेब कितीही घाई करो. कंट्रोल रूममधला ऑपरेटर स्क्रीनवर आकडा बघतो पण फील्डवर जाऊन पाइपाला हात न लावता उष्णता कशी ओळखायची, वासावरून कुठली गॅस्केट गेलीय, हे पुस्तकात नाही. माझ्या शिफ्टमधे एक जुने ऑपरेटर होते, गुजराती, राउंडला मला सोबत घेतल्याशिवाय निघायचेच नाहीत, रोज एक लाइन माझ्याकडून कागदावर काढून घ्यायचे, टाकीपासून रिअॅक्टरपर्यंत, चुकली की फाडून परत.

त्या वर्षाच्या जोरावर मला दहेजला ऑपरेटरची नोकरी लागली. इंटरव्ह्यूत त्यांनी मार्क विचारलेच नाहीत, लाइन काढायला लावली. कॉन्ट्रॅक्टरकडे १४००० वर गेलो असतो तर आजही बॅगा उचलत असतो.

मकरपुरा_हिशोबवाली

@एओसीपी_वाला छान झालं तुमचं, मनापासून. पण नीट बघा, तुम्हाला कंपनीने शिकवलं की त्या एका माणसाने? तो दुसऱ्या शिफ्टला असता तर तुम्ही पण स्टोअरमधे ड्रम मोजत बसला असता. भाच्याच्या नशिबात कोण येईल हे मला कोण सांगणार.

एचआर_खिडकी

मी एचआरमधे आहे त्यामुळे शिव्या खायच्या तयारीने लिहितोय.

आधी नियम. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात, आणि एकूण म्हणजे कॉन्ट्रॅक्टवाले पण मोजायचे. दोनशे माणसं असली तर कमीत कमी पाच, जास्तीत जास्त तीस. बहुतेक कंपन्यांत काय होतं तर वर्षाच्या शेवटी कोणीतरी विचारतं अडीच टक्के भरले का, आणि मग धावपळ करून पोरं आणली जातात, डिपार्टमेंटला विचारायचं राहून जातं. मग डिपार्टमेंट म्हणतं आम्ही मागितलीच नव्हती, द्या स्टोअरला. @स्पष्टच_बोलतो तुमच्या बाबतीत हेच झालं असणार.

पण ताई, पीएफ नाही म्हणून पिळवणूक हे थोडं एकतर्फी वाटतं. अप्रेंटिसला कारखान्यातल्या कामगारासारख्याच सुरक्षेच्या आणि आरोग्याच्या तरतुदी लागू आहेत. काम करताना इजा झाली तर कामगारासारखीच भरपाई. ओव्हरटाइम अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या (हा कायदा बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) परवानगीशिवाय देता येत नाही. पीस रेटवर (नगामागे पैसे) लावता येत नाही. धोकादायक उद्योगात अठराच्या खालचा घेता येत नाही. कॉन्ट्रॅक्टर यातलं काय पाळतो ते तुम्ही स्वतः हिशोब लिहिता, तुम्हाला माहीत आहे.

मकरपुरा_हिशोबवाली

माहीत आहे म्हणून तर बोलतेय. पण नियमाची गंमत बघा. अप्रेंटिस कमी घेतले तर दंड किती? २०१४ च्या दुरुस्तीत तुरुंग काढून टाकला आणि दंड ठेवला, कमी पडलेल्या प्रत्येक जागेमागे महिन्याला पाचशे, पहिले तीन महिने, पुढे हजार. तुमच्याच उदाहरणातले पाच अप्रेंटिस घेतलेच नाहीत तर महिन्याला अडीच हजार, नंतर पाच हजार. घेतले तर किमान ७७०० प्रमाणे ३८,५००, सरकारकडून काही आलं तरी बाकीचे कंपनीलाच. ज्या मालकाला शिकवायचंच नाही त्याच्यासाठी दंड भरणं स्वस्त. आणि जो घेतो तो का घेतो मग? एक तर त्याला खरंच शिकवायचं आहे, नाहीतर त्याला ११,७५२ च्या माणसाचं काम ७७०० मधे करून हवं आहे. बाहेरून बघणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर दोघांच्या नावापुढे हिरवी खूण.

रिटायर्ड_टूलरूम

मुली, शेवटचं वाक्य बरोबर लिहिलंस. माझी सगळी नोकरी टूलरूममधे गेली. आमच्या वेळी अप्रेंटिसला आधी सहा महिने फक्त बेंच. चौकोनी लोखंडाचा तुकडा द्यायचे, फाईलने सपाट कर, स्ट्रेट एज लावून उजेड दिसला की परत. मशीनला हात लावायला मिळायचा नाही म्हणून रडू यायचं. पण ते शिकवायला एक माणूस वेगळा नेमलेला असायचा, त्याला प्रॉडक्शन नसायचं, त्याचं काम फक्त आम्ही. आता इन्स्ट्रक्टर म्हणून ज्याचं नाव लावतात त्याच्याच डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं, तो पोराला शिकवेल की जॉब काढेल? सोवळ्यात स्वयंपाक पण कर आणि पंगत पण वाढ, असं आहे ते.

हे शहर हातांना शिकवण्यात देशाच्या पुढे होतं. सयाजीराव महाराजांनी १८९० मधे कलाभवन काढलं, ते चालवायला गज्जर सरांना नेमलं, रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, तेही लोकांच्या भाषेत शिकवायचं म्हणून. पुढे त्यातूनच युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली. कारखाने उभे राहायच्या आधी कारीगर उभा करायचा हा विचार होता त्यामागे.

स्पष्टच_बोलतो

काका प्रत्येक धाग्यात कलाभवन आणतात 😄 परवा पाणीकपातीच्या धाग्यात पण आणलं होतं.

रिटायर्ड_टूलरूम

आणणार. तू पण तिथूनच स्कूटर घेऊन जातोस रोज, वर मान करून इमारत बघ एकदा.

राजवाड्यावरून

मी इंदूरचा, मधे घुसतो, माफी. आमच्याकडे एमपीत २०२३ मधे सीखो-कमाओ योजना काढली. बारावीला ८०००, आयटीआयला ८५००, डिप्लोमाला ९०००, ग्रॅज्युएटला १०,०००, आणि त्यातले ७५ टक्के सरकार थेट पोराच्या खात्यात टाकतं, कंपनीने फक्त २५ टक्के द्यायचे. तुम्हाला वाटेल वा, मालकाचा बोजा गेला. पण माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने दोन पोरं घेतली आणि काउंटरवर उभी केली, का तर त्याला फक्त चौथा हिस्सा पडत होता. ज्याचे पैसे लागत नाहीत त्याला शिकवायची घाई कशाला असेल? लेथवाल्या भाऊंचा स्वतःचा पैसा लागला म्हणून त्यांचा टर्नर पोरांमागे उभा राहिला.

लेथवाला

@राजवाड्यावरून शंभर टक्के. फुकट मिळालेला माणूस झाडू मारायलाच जातो. पण याचा अर्थ सगळा भार छोट्या माणसाने उचलायचा असाही नाही ना. माझ्याकडचे बावीस आणि मोठ्या प्लांटचे दोन हजार, दोघांना एकच फॉर्म, एकच पोर्टल, एकच ओटीपी. मोठ्यांकडे त्यासाठी वेगळा माणूस आहे, माझ्याकडे मी आहे आणि रात्री दहाला सर्व्हर डाउन आहे.

प्रतापनगरवाला

इथे कोणी रेल्वेचं बोललंच नाही म्हणून लिहितो. मी प्रतापनगरचा. रेल्वेत ज्यांनी अॅक्ट अप्रेंटिस (याच कायद्याखालची अप्रेंटिसशिप) पूर्ण केलं त्यांना लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत २० टक्के जागा आहेत. परीक्षा द्यावीच लागते, हे खरं, आणि पोरं आंदोलन करतात की सरळ घ्या, तो वाद वेगळा. पण निदान पुढे एक दार दिसतं, उघडो न उघडो. खाजगीत २०१४ नंतर प्रत्येक मालकाने अप्रेंटिसला नोकरीत घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवायचं असं कायद्यात लिहिलंय, पण आमचं धोरण म्हणजे आम्ही घेत नाही, असं लिहिलं तरी ते धोरणच.

आणि १९९५ मधे सुप्रीम कोर्टाने यूपीच्या एसटीच्या केसमधे सांगितलं होतं की बाकी सगळं सारखं असेल तर ट्रेनिंग घेतलेल्या अप्रेंटिसला थेट भरतीवाल्याच्या आधी पसंती द्या. बाकी सगळं सारखं असेल तर, हे पाच शब्द धरून किती वर्षं वकील जगलेत विचारू नका.

एचआर_खिडकी

@प्रतापनगरवाला बरोबर. पण कंपनीच्या बाजूने एक सांगू? आमच्याकडे कायम होणाऱ्या ऑपरेटरांत बरेचसे आपल्याच अप्रेंटिसमधले असतात. कारण वर्षभर बघितलेला माणूस असतो, नाइटला झोपतो का, चूक झाली तर सांगतो की लपवतो, सगळं माहीत. बाहेरून घेतलेला माणूस म्हणजे बंद पाकीट. अप्रेंटिसशिप ही लांबलचक मुलाखत आहे, दोन्ही बाजूंनी. पोरगा पण कंपनी बघतोच की.

मकरपुरा_हिशोबवाली

मुलाखत आहे ना, मग त्या वर्षाचे पैसे नीट द्या. २०२५ च्या मेमधे केंद्राच्या अप्रेंटिसशिप कौन्सिलने ३६ टक्के वाढ सुचवली, ५००० ते ९००० चं ६८०० ते १२,३००. म्हणजे त्यांनाही कळतंय की आकडा मागे पडला. आता मला सांगा सावलीला रोज जाऊन येऊन, कंपनीची बस नसेल तर, ९००० मधले किती उरतात? घरचे पोसतात म्हणून पोरं शिकतात. ज्याच्या घरी पोसायला कोणी नाही तो कॉन्ट्रॅक्टरकडेच जाणार, त्याला तुम्ही लाख सांगा हात बसेल म्हणून.

एओसीपी_वाला

हे मात्र खरं. माझ्या बॅचमधे एक जण होता, माझ्यापेक्षा हुशार, मधेच सोडून डिलिव्हरीच्या कामाला लागला. वडील आजारी होते.

लेथवाला

ताई वाद बाजूला ठेवा, पोराचं बघू. दोन्हीकडे सही करायच्या आधी त्याला हे विचारायला लावा. मोठ्या कंपनीत विचार, कुठल्या महिन्यात कुठल्या डिपार्टमेंटला टाकणार, कागदावर आहे का, आणि माझा इन्स्ट्रक्टर कोण, नाव काय. नाव सांगता आलं नाही तर समजून जा. मागच्या वर्षीच्या अप्रेंटिसपैकी दोघांचे नंबर माग, एचआरकडून नाही, गेटवरच्या चहावाल्याकडून. कॉन्ट्रॅक्टरला विचार, मशीन कुठलं देणार, का नुसतं हेल्परचं काम, आणि पीएफ पहिल्या महिन्यापासून की बघू.

एचआर_खिडकी

आणि एक, फार महत्त्वाचं. काही जण पोरांना तोंडी ट्रेनी म्हणतात पण अप्रेंटिसशिपचं कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर नोंदवतच नाहीत. नोंद नाही तर तो या कायद्याखालचा अप्रेंटिस नाही, मग नुसता ट्रेनी म्हटल्याने किमान वेतन आणि पीएफ टळत नाही. कॉन्ट्रॅक्ट नंबर आणि स्वतःची कॉपी घेतल्याशिवाय रुजू होऊ नका. शेवटी जे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं ते त्या नोंदीवरच मिळतं, कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र वेगळं.

स्पष्टच_बोलतो

आणि स्टोअरमधे बसवलं तर पहिल्याच आठवड्यात बोल म्हणावं. मी गप्प बसलो होतो. सल्लागाराच्या ऑफिसात लेखी तक्रार करता येते हे मला सर्टिफिकेट मिळाल्यावर कळलं.

मकरपुरा_हिशोबवाली

दोन दिवसांनी लिहितेय. भाचा दोन्हीकडे जाऊन आला. मोठ्या कारखान्यात एक छापील तक्ता दाखवला, तीन महिने मेंटेनन्स, तीन असेंब्ली, मग पंप शॉप, मग टूलरूम, आणि इन्स्ट्रक्टरचं नाव विचारल्यावर त्या बाईंनी फोन करून त्या माणसालाच खाली बोलावलं. तो म्हणे पहिला प्रश्न विचारला, अलाइनमेंट डायलने करता येतं का. भाचा येत नाही म्हणाला तर तो म्हणाला ठीक आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला पीएफचं नंतर बघू, आधी ये तर.

भाचा सावलीला जाणार आहे. माझं स्टायपेंडबद्दलचं मत तसूभर बदललेलं नाही, वर्षभर पेट्रोल मावशीच्या खिशातून जाणार आहे त्यामुळे ते मत बाळगायचा मला पूर्ण हक्क आहे. आता एचआरवाल्यांनी एवढंच सांगा, केंद्राचे ते १५०० म्हणतात ते या ९००० च्या वर मिळतात की त्यातच?

एचआर_खिडकी

त्यातच. आधी कंपनी पूर्ण रक्कम द्यायची आणि मग सरकारकडून परत मागायची, आता सरकारचा वाटा थेट पोराच्या खात्यात जातो. वाटा म्हणजे स्टायपेंडच्या २५ टक्के पण १५०० च्या वर नाही. ९००० चे २५ टक्के २२५० होतात म्हणून १५०० वर थांबणार, बाकी ७५०० कंपनी देईल. दोन वेगवेगळ्या तारखांना येतील, त्यामुळे पहिल्या महिन्यात कमी आले म्हणून घाबरू नका. आणि खातं आधारशी लिंक आहे का ते आत्ताच बँकेत जाऊन बघा, नुसतं केवायसी झालंय म्हणून भागत नाही, अर्ध्या पोरांचे १५०० तिथेच अडकतात.

मकरपुरा_हिशोबवाली

सोमवारी सकाळी पाठवते बँकेत.